पाचवा भिडू

'पाचामुखी परमेश्वर' असे आपल्याकडे म्हणतात. परमेश्वराचे मला ठाऊक नाही, पण पाच मुखे एकत्र आली की रेल्वेचे भाडे उतरते, एवढे मी स्वानुभवाने सांगू शकते. हा अनुभव मात्र आपल्या मुलखातला नव्हे. तो जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातला आहे, आणि त्यात रेल्वेइतकाच पैशांचा, आणि पैशांइतकाच माणसांचा भाग आहे.

बारावी झाल्यावर २०१८ च्या ऑक्टोबरात मी 'ओ-पेअर' म्हणून तिकडे गेले. ओ-पेअर म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुले सांभाळायची, घरकामाला हातभार लावायचा. त्याबदल्यात खोली, जेवण, भाषा शिकण्याची सोय आणि हातखर्चाला पैसे मिळतात. काम आठवड्याला तीस तासांपर्यंत. सुट्टी दीड दिवस, आणि महिन्यातून निदान एक रविवार मोकळा. हातखर्च त्या वेळी महिन्याला २६० युरो होता. रुपयांत तो आकडा वीस हजारांच्या वर जाई, त्यामुळे आमच्या गल्लीत माझा भाव बराच वधारला होता. गल्लीला हे ठाऊक नव्हते की तिथे साध्या कॉफीच्या पेल्याला तीन युरो पडतात, आणि तीन युरो म्हणजे अडीचशे रुपये, हे गणित मनातल्या मनात केल्याशिवाय पहिले सहा महिने घोट घशाखाली उतरत नाही.

गाव होते रेगेन्सबुर्ग. डॅन्यूबच्या काठी वसलेले, बाराव्या शतकातला दगडी पूल मिरवणारे, देखणे गाव. पण देखण्या गावातही रविवार एकटाच असतो. तिथे रविवारी दुकाने बंद. रस्त्यांवर पाने पडल्याचाही आवाज यावा अशी शांतता. मुलांचे आईवडील घरी असल्यामुळे मला काम नाही, आणि काम नाही म्हणून त्या घरात कुठे बसावे हेही कळत नाही. अठरा वर्षांच्या मुलीला सुट्टीचा दिवस नकोसा वाटावा, ही गोष्ट मला पत्रातून आईला कधी लिहिता आली नाही. फोनवर मी म्हणायची, "आज आराम आहे." तीही म्हणायची, "बरं आहे बाई."

आठवड्यातून दोन संध्याकाळी मी भाषेच्या वर्गाला जाई. तिथेच मला प्रथम 'बायर्न-टिकेट' या वस्तूचा शोध लागला. बायर्न हे बव्हेरियाचे जर्मन नाव. हे एक दिवसाचे तिकीट. ते काढले की त्या दिवशी प्रांतभर कुठेही, कितीही वेळा, कोणत्याही साध्या गाडीने फिरा. बहुतेक शहरांतल्या बस, ट्रामसुद्धा त्यातच. अट एवढीच की जलद, लांब पल्ल्याच्या गाड्यांत पाय ठेवायचा नाही. आणि इतर वारी सकाळी नऊच्या आधी निघायचे नाही. शनिवार-रविवारी मात्र मध्यरात्रीपासून दुसऱ्या पहाटे तीनपर्यंत सगळा वेळ आपला.

खरी गंमत भाड्यात होती. पहिल्या माणसाला मोठी रक्कम, आणि पुढे पाच जणांपर्यंत प्रत्येकाला अगदी थोडी भर. भाव अधूनमधून बदलत असतात. हिशेबापुरते आपण पहिल्याचे २५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे ६ धरू. म्हणजे एकट्याला २५. दोघे असले तर ३१, माणशी साडेपंधरा. पाच जण असले तर ४९, माणशी दहाला थोडे कमी. एकटीने जायचे तर महिन्याच्या हातखर्चाचा दहावा हिस्सा एका दिवसात संपणार. पाचांत जायचे तर तीन कॉफ्यांची किंमत. तेव्हा मुंबई-पुण्याच्या मुलीला जे शहाणपण सुचायला हवे तेच मला सुचले : चार माणसे शोधली पाहिजेत.

रेल्वेला हा उदारपणा कसा परवडतो, असा प्रश्न आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या मनात आला असेल. उत्तर सोपे आहे. छोट्या गावांना जोडणाऱ्या गाड्या वेळापत्रकाप्रमाणे धावतच असतात. १९९६ पासून जर्मनीत अशा प्रादेशिक गाड्यांची जबाबदारी राज्यांकडे आली, आणि केंद्राच्या पैशांतून राज्ये त्या चालवून घेतात. आठवड्यातले पाच दिवस नोकरदारांनी त्या भरतात. शनिवार-रविवारी बाके रिकामी. रिकामे बाक वाहून नेण्याचा खर्च भरलेल्या बाकाएवढाच येतो. तेव्हा त्यावर कुणी सहा युरो देऊन बसला तर ते सहा युरो नफ्यातच. सकाळी नऊची अटही याच पोटी : नोकरदारांची गर्दी ओसरल्यावर या.

या कल्पनेचा थोरला भाऊ होता संपूर्ण देशाचा. 'सुंदर शनिवार-रविवार तिकीट' अशा अर्थाचे त्याचे जर्मन नाव. १९९५ साली ते निघाले तेव्हा १५ मार्कांत पाच माणसे शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस, देशभर साध्या गाड्यांनी हिंडू शकत. लोकांच्या उड्या पडल्या, गाड्या तुडुंब भरल्या, आणि मग भाव चढत गेला, दोन दिवसांचा एक दिवस झाला. मी तिथे असतानाच, २०१९ च्या जूनमध्ये, ते बंद झाले. त्या तिकिटाच्या काळातल्या गोष्टी वर्गात ऐकायला मिळत. फलाटावर तिघे उभे असत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "म्युन्शेनला जाताय का? आमच्यात दोन जागा आहेत." अनोळखी माणसे तिकिटापुरती कुटुंब होत आणि उतरल्यावर आपापल्या वाटेने जात.

आमचे कुटुंब जमायला महिना गेला. पहिली होती केरळची एक परिचारिका, इस्पितळात नोकरीला. तिला आम्ही चेची म्हणायचो. दुसरा लातूरचा एक इंजिनीअर, पदव्युत्तर शिक्षणाला आलेला. तो माझा दादा झाला. तिसरा एक सीरियन तरुण, फुरात नदीकाठच्या गावचा, २०१५ साली अर्धा युरोप पायी तुडवून आलेला. चौथी मी. आणि पाचवी एक जर्मन आजी, वयाने अठ्ठ्याहत्तर, परदेशी मुलांशी गप्पा मारून त्यांची भाषा सुधारण्यासाठी वर्गात येणारी. तिचे निवृत्तिवेतन बेताचे होते, आणि गाडीतून खिडकीबाहेर पाहणे हा तिचा एकमेव षौक होता. पाचवा भिडू म्हणून ती स्वतःच पुढे आली. "मी हळू चालते," एवढीच तिने आगाऊ सूचना दिली.

तिकिटावर पाचही जणांची नावे लिहावी लागतात, म्हणजे ते मधेच दुसऱ्याला विकता येत नाही. स्थानकावरच्या यंत्रातून कागद बाहेर आला की आजी पर्समधून बॉलपेन काढी आणि तो आमच्यापुढे फिरवी. मल्याळी, मराठी, अरबी आणि जर्मन नावे एकाखाली एक. तपासनीस यायचा, नावे वाचायचा प्रयत्न करायचा, तिसऱ्या नावाशी अडखळून हसायचा आणि कागद परत द्यायचा.

नंतर लगेच हिशेब. आजी माणशी रक्कम सेंटापर्यंत काढी. नऊ युरो ऐंशी सेंट. कुणी दहाची नोट दिली तर ती वीस सेंट परत करी, आणि "राहू द्या" म्हटले तरी ऐकत नसे. आपल्याकडे चहाच्या टपरीवर 'मी देतो, मी देतो' म्हणून होणारी झटापट मी लहानपणापासून पाहिलेली. कॉलेजात टीटीएमएम, म्हणजे तुझे तू माझे मी, हा शब्द आपण वापरतो. पण तो वापरतानाही किंचित ओशाळतो. आजी अजिबात ओशाळत नसे. तिच्या लेखी नऊ ऐंशी म्हणजे नऊ ऐंशी.

साध्या गाड्या प्रत्येक गावाला थांबतात. कधी कधी आमची गाडी बाजूच्या रुळावर उभी राही, आणि पांढरी, तांबड्या पट्ट्याची जलद गाडी शेजारून सुसाट निघून जाई. त्यातल्या लोकांचे चेहरे दिसत नसत. आम्हांला मात्र सगळे दिसे : कुंपणातल्या मेंढ्या, हॉपच्या वेलींसाठी उभारलेले उंच खांब, अंगणात बर्फ लोटणारा म्हातारा. न्युर्नबर्गला गेलो तेव्हा रेल्वेच्या संग्रहालयात समजले की जर्मनीतली पहिली वाफेची गाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी याच गावातून फ्युर्थपर्यंत धावली. अंतर अवघे सहा किलोमीटर, इंजिनाचे नाव 'आडलर', म्हणजे गरुड. दादाने लगेच आपले १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौतीस किलोमीटर, असे ठणकावून सांगितले. "उशिरा, पण लांब," आजी म्हणाली. हा शेरा तिने बहुधा आमच्या गप्पांनाही उद्देशून मारला असावा.

डिसेंबर-जानेवारीत तीन रविवार असे गेले. फेब्रुवारीत दादा यायचा बंद झाला. परीक्षा आहे, म्हणाला. नंतर म्हणाला, सर्दी आहे. वर्गात मात्र यायचा, मागच्या बाकावर बसायचा आणि संपल्याबरोबर निघून जायचा. चेचीने एकदा त्याच्या डब्यात डोकावून पाहिले : सलग तिसऱ्या दिवशी नुसता भात आणि दही. शिक्षणासाठी काढलेले कर्ज, घरी दोन वर्षांचे पडलेले पीक, आणि हातातले अर्धवेळ काम सुटलेले. ही हकीकत तिने त्याच्याकडून थोडी थोडी करून काढली. दहा युरो त्याला रविवारी खर्च करता येत नव्हते. आणि तसे तो म्हणणारही नव्हता.

मी आणि चेची आपल्याकडच्या रीतीने लगेच म्हणालो, त्याचे आपण भरू. दादाने ऐकून घेतले आणि म्हणाला, "आज तुम्ही भरणार. पुढच्या रविवारी मी बोलताना आधी इचार करणार. त्यापेक्षा नको." आम्हांला काही बोलता आले नाही. घेणाऱ्याला द्यायचे असते त्याहून जास्त द्यावे लागते, हे कर्जाच्या घरात वाढलेल्या मुलाला कुणी शिकवावे लागत नाही.

तोड काढली ती आजीने, तीही एका कागदाच्या चिठोऱ्यावर. आपण चौघे जाणार आहोतच, ती म्हणाली. चौघांचे ४३ होतात, माणशी दहा पंचाहत्तर. ते आम्ही देणारच, तू आलास काय आणि नाही आलास काय. तू आलास तर तिकीट ४९ होते. म्हणजे तुझ्या येण्याचा खर्च सहा युरो. तू सहा दे. कुणी तुझ्यासाठी एक सेंटही भरत नाही. फुकट काही नाही, आणि उपकारही नाही.

दादाने चिठोरे उलटसुलट करून पाहिले. इंजिनीअरच तो, त्याने गणित पुन्हा मांडले, कुठे दयेची मिसळ तर नाही ना हे तपासले. मग म्हणाला, "पण मग सगळेच म्हणतील, मी पाचवा." आजी म्हणाली, "म्हणूनच पहिला कुणीतरी असावा लागतो. तुझी वेळ येईल तेव्हा तू हो." रविवारी सकाळी तो फलाटावर हजर होता, मोजून सहा युरो मुठीत घेऊन.

त्या दिवशी आम्ही पासाऊला गेलो. प्लाटलिंगला गाडी बदलायची, सगळा मिळून दीड-दोन तासांचा रस्ता. पासाऊ हे तीन नद्यांच्या संगमाचे गाव. दक्षिणेकडून आल्प्सचे हिरवट पाणी घेऊन इन येते, उत्तरेकडून काळसर, चिंचोळी इल्झ, आणि मध्ये डॅन्यूब. जिथे मिळतात तिथे काही अंतर तिन्ही रंग वेगवेगळे दिसतात. मला आपले कऱ्हाडचे कृष्णा-कोयनेचे पाणी आठवले आणि मी उत्साहाने बोलत सुटले. दादा गप्प होता. बऱ्याच वेळाने, पाण्याकडे बघतच, तो म्हणाला, "आमच्याकडं पाणी रेल्वेनं आलतं."

मग त्याने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये इतरांना सांगितले. २०१६ चा उन्हाळा. लातूरच्या नळांना पाणी नाही, टाक्यांभोवती जमावबंदी. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली : दहा वाघिणी, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. पुढे पन्नास पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. लोक रेल्वेमार्गाशी उभे राहून वाघिणी मोजत होते. तोही मोजत होता. सीरियन मित्राने फुरातचे नाव घेतले. त्याच्या गावी नदी होती, पाणी होते, पण काठावर जाता येत नव्हते, एवढेच तो बोलला. आजीने आपले बोलणे सर्वांत शेवटी केले. १९४६ साली, सहा वर्षांची असताना, ती सुडेटन भागातून हाकलल्या गेलेल्या जर्मनांच्या मालडब्यातून बव्हेरियात आली होती. डब्याला खिडकी नव्हती. "म्हणून मला खिडकी आवडते," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत तिने एक गोष्ट केली, तिचे महत्त्व जर्मन शिकणाऱ्या आमच्या वर्गमित्रांना पटकन कळेल. त्या भाषेत 'झी' म्हणजे अहो, 'डू' म्हणजे अरे-तुरे. अहोवरून तूवर यायचे तर तो प्रस्ताव वडीलधाऱ्याने मांडायचा असतो. तिने तो मांडला. चेचीला तो जड गेला. सीरियन मित्र लाजला. मला काहीच जड गेले नाही. आपल्याकडे बापाला अहो म्हणतील, पण आजीला कुणी अहो म्हणत नाही.

मे महिन्यात दादाला विद्यापीठात काम मिळाले. त्या महिन्याच्या रविवारी तिकिटाचे यंत्र त्याने स्वतः चालवले, पहिले नाव स्वतःचे लिहिले, आणि आजीला म्हणाला, आज मी पहिला. आमच्यात त्या दिवशी एक नवा विद्यार्थी आला होता, ओरिसाचा. त्याच्याकडून दादाने सहा युरो घेतले. चिठोरे दाखवून.

त्यानंतर तिकडे पुष्कळ बदलले. २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये महिनाभर देशभर फिरण्याचे तिकीट फक्त ९ युरोंना होते. २०२३ च्या मेपासून तसेच कायमचे मासिक तिकीट निघाले, ४९ युरोंचे. ते २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ मध्ये ६३ झाले. बायर्न-टिकेट अजून आहे, पण ज्याच्या खिशात मासिक तिकीट आहे त्याला चार माणसे शोधण्याची गरज उरलेली नाही. ही सोय वाईट आहे असे मी म्हणणार नाही. आता लातूरच्या मुलाला कुणाचा हिशेब न मांडता गाडीत बसता येईल. मात्र माझ्यासारखीला रविवारी घरातून बाहेर काढायला तिकिटाने कारण द्यावे, तेही आता होणार नाही. स्वतःहून दार ठोठवावे लागेल.

आपल्याकडची सवलत वेगळ्या जातीची आहे. आपण कोण आहोत यावर ती ठरते. एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. रेल्वेत विद्यार्थ्यांना सवलत. ज्येष्ठांना होती, ती २०२० च्या मार्चमध्ये थांबली. तिकडच्या त्या तिकिटाने आम्हांला कोण म्हणून विचारले नाही, किती म्हणून विचारले. मुंबईच्या लोकलमध्ये मात्र ज्याचा त्याचा पास असतो आणि तरीही ठरलेल्या डब्यात ठरलेली मंडळी जमतात, टाळ काढून भजने म्हणतात, कुणाच्या मुलीचे लग्न जमले की पेढे वाटतात. म्हणजे माणसे जमायला तिकीट लागतेच असे नाही. पण ज्याला जमावात येणे परवडत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी चिठोरे घेऊन बसावे लागते.

हे सगळे लिहिण्याचे कारण आपल्या महाविद्यालयाची सहल. दरवर्षी सूचनाफलकावर यादी लागते, आणि दरवर्षी काही नावे तिच्यात नसतात. घरी काम आहे, बहिणीकडे जायचे आहे, गाडी लागते. ही कारणे आपण सगळेच ऐकतो आणि सगळेच मानतो. वर्गणीतून कुणाचे भरावे, असा प्रस्ताव कधी निघतो आणि ज्याच्यासाठी निघतो तोच तो मोडतो. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतली की भाडे किलोमीटरवर ठरते, आत किती जण बसले यावर नाही. चाळीस जणांत गाडीचा खर्च वाटून झाला असेल, तर एकेचाळिसाव्याच्या येण्याचा खर्च म्हणजे त्याचे जेवण आणि चहा. तेवढेच त्याच्याकडून घ्यावे. ते उघड, कागदावर मांडून घ्यावे. म्हणजे घेणाराही ताठ राहील आणि देणाराही. पुढच्या वर्षी ज्याला शक्य असेल त्याने पहिल्या चाळीसांत यावे.

या वर्षीची यादी जानेवारीत लागेल. सहल-समितीतल्या मित्रांनी ती लावताना खाली चार ओळींचा हिशेबही लावावा, एवढीच विनंती. बॉलपेन मी देईन.